आत्याला आवाज काढून दाखवायचा

आमची आत्या गॅरेज चालवते आणि गाडी न बघताच तिचं दुखणं ओळखते. अट एकच, फोनवर गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायचा. "बॅटरी गेली असेल," असं कुणी शहाणपणाने म्हणालं की आत्या विचारते, "तुम्हालाच कळतंय तर मला कशाला फोन केलात? आवाज काढा." मग भलेभले काढतात. बँकेच्या एका मॅनेजरने भर काउंटरवर 'खर्रर्र-खर्रर्र' केलं, तेव्हा रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली होती. आत्याने डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, "पेट्रोल संपलंय. काटा खोटं बोलतोय."

अख्ख्या नात्यागोत्यात तिला एकाच माणसाने कधी फोन केला नव्हता. माझ्या बाबांनी, तिच्या सख्ख्या भावाने! चार वर्षांपूर्वी तिला न विचारता त्यांनी जुनी गाडी घेतली. आत्याने बॉनेटला कान लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, ही खोकतेय." झालं! बाबांनी अबोला धरला तो धरलाच. आत्या मात्र मला हळूच विचारायची, "दादा बरा आहे ना गं?" मला तिची कीव यायची आणि बाबांचा अस्सा राग यायचा!

परवा दहा वाजता माझी नोकरीची मुलाखत होती, तीही बस जात नाही अशा ठिकाणी. सव्वानऊला गाडी ढिम्म. बाबांनी दहादा किल्ली फिरवली, टायरला लाथ मारली, गाडीला नको नको ते बोलले. शेवटी मीच आत्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्यासमोर धरला.

"बोल गं," आत्या म्हणाली.

बाबांनी घसा खाकरला. "मी आहे. गाडी चालू होत नाहीये."

पलीकडे काहीतरी लोखंडी धाडकन खाली पडलं. मग आत्या म्हणाली, "आवाज काढ."

बाबांनी वर पाहिलं. दोन शेजारणी कपडे वाळत घालायचं सोडून कठड्याला टेकल्या होत्या.

"टक-टक-टक-टक," बाबा पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"टक-टक-टक-टक!"

"पुन्हा. जरा मोकळ्या गळ्याने."

कडक इस्त्रीच्या शर्टातले, चारचौघांत कधी हसतही नाहीत असे माझे बाबा रस्त्यात उभे राहून असे काही टकटकले की शेजारणींची मुरकुंडी वळली. मी तर खालीच बसले.

"बॅटरीच्या टोकाची वायर सैल झालीय," आत्याने सांगितलं. "पांढरी पूड साचली असेल, ती खरवड आणि दहा नंबरच्या पान्याने नट आवळ."

बाबांनी खरवडलं, आवळलं, किल्ली फिरवली. एका फटक्यात गाडी सुरू! "झाली, झाली!" बाबा चक्क नाचले. मग एकदम थबकले.

"तुला कळलं कधी?"

"पहिल्याच 'टक'ला."

"मग तीन-तीनदा काढायला का लावलंस?"

"चार वर्षांनी तुझा आवाज ऐकत होते, दादा."

बाबा गाडीत शिरून स्टिअरिंग धरून बसले. पावणेदहा होत आले होते, मी 'चला, चला' अशा खुणा करत होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडाजवळ नेला.

"अजून काढू?" त्यांनी विचारलं.