वरून आलंय

एसटी स्टँडवरचा लाउडस्पीकर खरखरला आणि म्हणाला, "पाच वाजताची गाडी रद्द करण्यात आली आहे." माझ्या शेजारी बसलेली सारिका, माझी नववीतली विद्यार्थिनी, मांडीवरचं दप्तर घट्ट धरून माझ्याकडे बघत राहिली.

सकाळीच वर्गात मी पॅसिव्ह व्हॉइस शिकवला होता. कर्ता माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तर गाळला तरी चालतो, असं फळ्यावर लिहून दिलं. तेव्हा हिनेच विचारलं होतं, "पण बाई, कुणीतरी केलं असेलच ना?" मी वैतागून म्हटलं, "परीक्षेत तेवढं लागत नाही."

आता मीच चौकशीच्या खिडकीशी गेले. "गाडी कुणी रद्द केली?"

"वरून आलंय, मॅडम."

"वरून म्हणजे कुणाकडून?"

"आम्हाला तेवढंच कळवण्यात येतं."

त्या माणसावर चिडण्यात अर्थ नव्हता. मग चिडायचं कुणावर? पाणी सोडण्यात येणार नाही, रस्ता बंद ठेवण्यात आला आहे. करणाऱ्याचा कुठेच पत्ता नसतो. सोसणाऱ्याला मात्र नाव असतं, गाव असतं, आणि घरी पोचायचं असतं.

पुढची गाडी सातला होती. परत आले तेव्हा सारिका नखाने बाकाचा रंग खरवडत होती.

"घरी रागावतील का गं?"

"आता परत अंधार पडल्यावर पोचले तर माझी शाळा बंद होणार आहे, बाई."

"कुणी ठरवलं असं?"

तिने मान वर केली नाही.

"ठरलंय."