लाल पट्टीची अंडी

तिचा दिवस पहाटे तीन पन्नासला सुरू व्हायचा. चारला नाही. त्या दहा मिनिटांत ती स्वतःचं आवरायची, कारण चारनंतर ती स्वतःची राहायची नाही.

कारखान्यात तिला सगळे ‘वरची’ म्हणत. शेडच्या छताखाली रुळावर चालणारी क्रेन होती, तिच्या केबिनमध्ये वरची बसायची. मी खाली. साखळ्या, पट्टे अडकवायचे, हाताने खूण करायची आणि ओझं उचललं जाताना बाजूला व्हायचं. बावीस वर्षं मी तिच्या हुकाखाली वावरलो. तिचं डोकं ठिकाणावर असणं हा माझ्या तब्येतीचा प्रश्न होता.

केबिनला लोखंडी शिडी होती, चोपन्न पायऱ्यांची. सहाला चढलं की दहाच्या सुट्टीपर्यंत खाली येणं नाही. आणि वरची चढायची ती उपाशी. घरात नवरा, सासू, दोन मुलं. चौघांचे डबे भरून ती पाच पाचची बस पकडायची. नवऱ्याचं छत्री दुरुस्तीचं दुकान दहाला उघडायचं. तो साडेआठला उठून, अंगात कसकस आहे का ते तपासून, नाश्ता करायचा. कष्टाच्या माणसाला पोटभर खावं लागतं, असं त्याचं मत होतं.

एके दिवशी ती खाली उतरताना शेवटच्या सहा पायऱ्यांवर तिला चक्कर आली. मी आणि एका वेल्डरनं धरलं. कारखान्याच्या डॉक्टरनं नाडी बघितली आणि विचारलं, “सकाळी काय खाल्लं?”

“चहा.”

“चहा हे खाणं आहे?”

“आमच्याकडे आहे.”

डॉक्टरनं कागद लिहिला. रोज कामावर येण्याआधी सकस नाश्ता, उपाशीपोटी वर चढायचं नाही, चार आठवड्यांनी फेरतपासणी. पुन्हा चक्कर आली तर क्रेन बंद, झाडूकाम चालू. झाडूला पगार निम्मा. कागदावर डॉक्टरची सही, तिची सही आणि फोरमनची सही. फोरमननं न वाचता केली. तो कुठलाच कागद वाचत नसे, म्हणूनच तो फोरमन झाला होता.

पहाटे चौघांचे डबे भरताना पाचव्यासाठी काही शिजवायला वेळ नव्हता. म्हणून वरचीनं रविवार धरला. शुक्रवारी बारा अंडी आणायची. दोन दिवस ठेवलेलं अंडं नीट सोललं जातं, ताज्याचं निम्मं पांढरं टरफलाबरोबर जातं. रविवारी दुपारी रुंद पातेल्यात एका थरात मांडायची, वर बोटभर गार पाणी. उकळी फुटली की आच बंद, झाकण, घड्याळ लावून अकरा मिनिटं. मग गार पाण्यात, ती पार निवेपर्यंत. कोरडी पुसून टरफलासकट फ्रिजमध्ये. सहा दिवस, रोज दोन. बसची वाट बघताना बोथट टोकाकडून सोलायची आणि मिठाच्या पुडीत बुडवून उभ्यानं खायची. दोन मिनिटांचं काम. हातात घेतलेलं काम तिनं कधी अर्धवट केलं नाही, अंडंसुद्धा.

पहिल्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी फ्रिजमध्ये चारच अंडी उरली. बारातली दोन तिनं खाल्ली होती.

“कुणी खाल्ली?”

“अगं, प्रथिनं असतात त्यात,” नवरा म्हणाला. “मुलांनाही दिली. आयती उकडलेली दिसली, म्हटलं वाया जायला नकोत.”

सोमवारी वाया जायला नकोत! दुसऱ्या आठवड्यात तिनं ती भाजीखाली लपवली. ज्या घरात एरवी भाजी कुणी शोधत नसे, त्या घरात भाजी शोधली गेली. उरलेले दिवस तिनं पावावर काढले. पाव असेल तेव्हा.

तिसऱ्या आठवड्यात तिला युक्ती सुचली, ती कारखान्याची होती. आमच्याकडे उचलायच्या सामानाची दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायची. पास झालेल्या साखळीला, पट्ट्याला हिरवी पट्टी. नापासाला लाल. लाल पट्टी दिसली की ती वस्तू भंगारपेटीत. कुणाला विचारायचं नाही, कुणी सांगायची वाट बघायची नाही. तिनं खिशातून लाल पट्टीचं रीळ घरी नेलं आणि अंड्यांच्या डब्याला दोन वेढे दिले.

“हे काय?” नवऱ्यानं विचारलं.

“बाद माल. दुकानदाराला परत द्यायचाय. खाल्लं तर पोट बिघडेल.”

नवऱ्याला स्वतःच्या पोटाविषयी अपार जिव्हाळा होता. त्या आठवड्यात अंड्यांना कुणी हात लावला नाही. पुढच्या आठवड्यातही सोमवार, मंगळवार, बुधवार सुखात गेले. तिच्या गालांवर रंग आला. केबिनमधून ती आता मला ओरडून टोमणे मारायची, “दादा, झोपलात का? मी वर जागी आहे!”

सासू तेवढे दिवस मुलीकडे गेली होती. ती बुधवारी दुपारी परतली.

ही सासू आमच्याच कारखान्यातली. अठ्ठावीस वर्षं शेड झाडून निवृत्त झालेली. तिच्या हातात पगार कमी होता, पण भंगारपेटी तिच्या ताब्यात होती आणि लाल पट्टीची एकही वस्तू तिनं कधी जमिनीवर राहू दिली नव्हती. आल्या आल्या तिनं फ्रिज पुसायला घेतला. डबा दिसला, लाल पट्टी दिसली. उरलेली सहा अंडी कचऱ्यात गेली, आणि कचरा संध्याकाळच्या गाडीत.

गुरुवारी पहाटे वरचीनं फ्रिज उघडला. डबा घासून पालथा घातलेला, पट्टी नीट गुंडाळून वर ठेवलेली. पावाचे आठ काप होते आणि भरायचे डबे चार. हा हिशेब तिला कुणी शिकवावा लागला नाही.

त्याच गुरुवारी अकराला फेरतपासणी होती.

सहाला पाच कमी असताना ती शिडीशी उभी होती. मी साखळ्या लावून तयार. अकरा टनांचा मशीनचा पाया ट्रेलरवर चढवायचा होता.

“चढ की,” मी म्हणालो.

“दादा, काल सासूबाई आल्या. अंडी भंगारात गेली.”

मला समजायला एक क्षण लागला. मग मी त्या पायाकडे बघितलं, मग माझ्या उभं राहायच्या जागेकडे.

“उपाशी आहेस?”

“चहा घेतलाय.”

“अगं, पण चढली नाहीस तर फोरमन ‘चढायला नाही म्हणाली’ असं लिहून देईल. आज डॉक्टरसमोर तोच कागद जाईल.”

“आणि चढले तर? माझ्या डोळ्यांसमोर काजवे आणि तुमच्या डोक्यावर अकरा टन.”

कॅन्टीन नऊला उघडायचं. दुसरा क्रेनवाला सुट्टीवर. तिनं खिशातून तीच गुंडाळलेली पट्टी काढली आणि शिडीच्या पहिल्या पायरीला बांधली. गाठ घट्ट, दुहेरी.

फोरमन धावत आला. “क्रेनला काय झालं?”

“क्रेन ठणठणीत आहे, साहेब. चालक बाद आहे. पोटात काही नाही.”

“हे काय कारण झालं? ट्रेलर उभा आहे! काढ ती पट्टी!”

“लाल पट्टी लावणाऱ्यानं काढायची नसते, तपासणाऱ्यानं काढायची. तुमचाच नियम. आणि उपाशी चढायचं नाही, हे डॉक्टरनं लिहिलंय. खाली तुमची सही आहे.”

“माझी?”

“झोकदार आहे.”

फोरमननं ट्रेलरकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आमच्या नऊ जणांकडे बघितलं. आम्ही हातावर हात धरून उभे होतो आणि त्या कामात आम्ही वाकबगार होतो. तो ऑफिसात गेला आणि स्वतःचा डबा घेऊन आला. जाड पाव, लोणी, दोन केळी. त्या शेडमध्ये वरच्यानं खालच्याला खायला घातल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

“पाच मिनिटं,” तो म्हणाला.

“वीस,” ती म्हणाली, आणि एका खोक्यावर बसून सावकाश चावून खाल्लं. केळ्याच्या साली परत डब्यात ठेवून झाकण लावून दिलं. फोरमननं स्वतःच्या हातानं पट्टी सोडली. गाठीला त्याची दोन नखं गेली.

अकरा टन तिनं ट्रेलरवर असे टेकवले की ट्रेलरवाल्याला कळलंच नाही; तो अजून वर बघत होता.

अकराला डॉक्टरनं विचारलं, “आज नाश्ता केला?”

“केला.”

“काय?”

“फोरमनचा.”

डॉक्टरनं तिला तीनदा बसवलं, उठवलं, आणि कागदावर ‘क्रेनसाठी योग्य’ असं लिहिलं.

घरी सासू वाट बघत होती. चूक कबूल करायची तिला सवय नव्हती, कारण झाडूकामात तिनं चूक केली नव्हती.

“लाल म्हणजे भंगार,” ती म्हणाली. “मी काय विचारत बसू?”

“नाही, आई. चूक माझीच. पट्टी चुकीच्या वस्तूला लावली.”

“मग कुणाला लावायची होती?”

वरचीनं मान वळवली. कोपऱ्यात तिचा नवरा मुलांच्या डब्यात उरलेला पाव संपवत होता. सासूनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

पुढच्या रविवारपासून अंडी सासू उकडू लागली. बारा मोजून, अकरा मिनिटं, आणि डब्याला हिरवी पट्टी.

“आई, एक दे ना,” नवरा सासूला म्हणाला.

“तुझी क्रेन कुठाय?”

तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. सासू होती तोवर, म्हणजे नऊ वर्षं, डब्यातलं एक अंडं कमी झालं नाही.

वरची मागच्या वर्षी निवृत्त झाली. आलेल्या पैशातून मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष झालं, छपराचे पत्रे बदलले, नवऱ्याला दातांची कवळी आली. इतकी वर्षं वापरून त्याचे दात झिजले होते. उरलं त्यातून तिनं स्वयंपाकघरात एक लहान टेबल आणि एक खुर्ची घेतली. हातवाली, पाठीला उशी असलेली.

मी भेटायला गेलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. ती खुर्चीत बसून गरम अंडं सोलत होती, बोथट टोकाकडून.

“या, दादा. बसा.”

खुर्ची एकच. मी बादली पालथी घातली आणि बसलो.