ओल्या कठड्यावर पाटी न्हाई

कवठे महांकाळात जोतीरामाचं पाट्यांचं दुकान हाय, आणि मी भाऊसो, त्याच्या फ्रेमा वेल्डिंग करून देणारा. लोक मला खोदून विचारत्यात, ह्या तुसड्या माणसाचा धंदा चालतो कसा? आता काय सांगू, कपाळ! गिऱ्हाईक रंग विचारतं तवा हा शिडी लावून भिंत वाजवून बघतो. गिऱ्हाइकाला पाटीवर चाळीस शब्द पाहिजे असत्यात, देवाचा फोटो, दोन मोबाईल नंबर, नातवाचं नाव. हा त्याला हाताला धरून रस्त्याच्या पल्याड नेतो आणि विचारतो, मोटारसायकलवरनं जाताना ह्यातलं काय वाचशील? निम्मी गिऱ्हाइकं तिथंच चिडत्यात. उरलेली मात्र दुसऱ्याकडं जात न्हाईत.

एका बाबतीत तर तो कुणाचंच ऐकत न्हाई. नवं बांधकाम पंधरा दिवस मुरल्याबिगर पाटी चढवायची न्हाई. मग मुहूर्त असो, न्हाईतर पुढारी येऊन बसलेला असो.

हे शहाणपण त्याला उपजत आलेलं न्हाई. सात वर्षांमागं एका कापडाच्या दुकानाची पाटी होती. दसरा हातचा जाऊ नये म्हणून मालकानं आदल्या दिवशी दुकानाच्या माथ्यावर विटांचा कठडा बांधून घेतला, आणि जोतीरामानं भिडंखातर ओल्या विटांत बोल्ट ठोकले. नारळ फुटला, फोटो झाले. मी खाली वायर गुंडाळत होतो. पाटी विटांसकट माझ्या डाव्या खांद्यावर आली. तवापासनं तो हात खांद्याच्या वर जात न्हाई. जोतीराम दवाखान्यात रोज येऊन बसायचा. मी त्याला बोल लावला न्हाई. पण खरं सांगतो, त्यानंतर त्यानं लावलेल्या पाटीखाली मी कवा उभा ऱ्हायलो न्हाई. पाटी चढायला लागली की सरळ बसतीय का बघतो म्हणायचं आणि रस्ता ओलांडायचा.

औंदा दसऱ्याला त्याच्याच पोरीच्या, सृष्टीच्या मेडिकल दुकानाचं उद्घाटन निघालं. गवंडी आठ दिवस उशिरा आला, कठडा परवाच झालेला. सासरची माणसं जमली, पेढे आले, आणि जोतीरामानं पाटी आत भिंतीला टेकवून ठेवली. सृष्टीचे सासरे नाथाजी फौजेतनं रिटायर झालेले. पाव्हण्यांच्या देखत सुनेच्या दुकानाला पाटी न्हाई, ह्यात आमची काय शोभा, म्हणाले आणि उठून निघाले. सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं डोकंच फिरलं. जोतीरामापुढं जाऊन उभा ऱ्हायलो.

"आरं गड्या, पोरीच्या संसारात बिब्बा घालतोस व्हय? आज टांग, उद्या उतरव."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "भाऊसो, डावा हात वर कर."

राग आला मला, लय राग आला. एवढ्या माणसांत! तरी हात उचलला. खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

नाथाजी दारातच उभे होते. त्यांनी ते बघितलं, परत येऊन खुर्चीत बसले. सृष्टीनं डोळे पुसले, दोन खुर्च्यांवर पाटी आडवी ठेवली आणि तिच्यापुढंच नारळ फोडला.

पुढं कठड्याला पाणी मारायचं काम तिनंच केलं, टँकरच्या पाण्यातनं बादली बाजूला काढून. मग एका मंगळवारी भर दुपारी, ना मुहूर्त ना पाव्हणे, जोतीरामानं पाटी चढवली. फ्रेमला स्वतः लोंबकळून बघितलं. मी आपला रस्त्याच्या पल्याड. सरळ बसलीय म्हणून हातानं खूण केली.

सृष्टीनं चहा आणला. जोतीरामानं दोन्ही कप घेतले आणि बरोबर पाटीखाली जाऊन उभा ऱ्हायला. हाक मारली न्हाई. नुसता दुसरा कप माझ्या दिशेनं धरून उभा. म्हणजे सात वर्षं ह्याला ठाऊक होतं तर.

मी रस्ता ओलांडला. पाटीखाली उभा राहून सगळा चहा पिलो, सावकाश. जोतीरामाचा कप मात्र हातातच गार झाला.