तो डाग माझा आहे!

मी हाताने शिवलेल्या पहिल्या चामडी बॅगेचं उद्घाटन अकोल्याच्या एका शाळेत, भरल्या सभागृहात, आमच्या भाऊजींच्या पाठीमागे झालं.

वसंतभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुंदाताईचे यजमान. मुख्याध्यापक. रोज पांढरीशुभ्र सफारी, अख्ख्या नोकरीत तिच्यावर खडूचा कणसुद्धा बसला नाही (बसायची हिंमतच झाली नाही!). ते एप्रिलअखेर निवृत्त होणार होते आणि मी अमरावतीतली नोकरी सोडून नुकतीच बॅगा शिवायला शिकत होते. बडनेऱ्याच्या बळीरामकाकांकडे दोन महिने बोटं टोचून घेतल्यावर मी जाहीर केलं, "भाऊजींले खांद्यावरची ब्याग मीच देणार!"

काकांनी बजावलं होतं, "बाई, रंग लावला का दोन दिवस सुकू द्या. मंग फडक्यानं घासा, वरून मेण द्या. घाई केली तं रंग अंगावर येते."

मी रंग लावला निरोप समारंभाच्या आदल्या संध्याकाळी. दोन दिवसांचं काम केस वाळवायच्या मशीनने वीस मिनिटांत उरकलं. मेण राहूनच गेलं.

सकाळी अकोल्याला जायला गाडीत बसल्यावर नवऱ्याने माझा तळहात पाहिला.

"रंग जाऊन राह्यला काय?"

"नाई हो! घाम आहे माझा."

"चॉकलेटी?"

मी खिडकीबाहेर बघू लागले.

घरी पोचताच दिलेली बॅग भाऊजींना इतकी आवडली, की त्यांनी ती तिथल्या तिथे तिरकी अडकवली. "लय मस्त शिवली वं सुमन!" म्हणाले आणि शाळेकडे पायीच निघाले. अकोल्याचं ऊन, घामाच्या धारा आणि दर पावलाला ती बॅग मागे, नेमकी बसायच्या जागी आपटत होती! मी दहा पावलं मागे. आधी लिंबाएवढा डाग दिसला. चौकापर्यंत त्याची पुरी झाली. शाळेच्या फाटकाशी भाकर!

"तुमी सांगा ना त्यायले!" मी नवऱ्याला ढोसलं.

"मी काहून? भाऊजी तुये, ब्याग तुयी."

"बाईमाणसानं असं कसं सांगावं?"

"मंग राहू दे. कोणी पाहून नाई राह्यलं."

आमच्या मागून अख्खी आठवी-ब येत होती.

सभागृहात भाऊजींनी बॅग पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवली आणि ते स्टेजच्या पायऱ्या चढले, अर्थातच आमच्याकडे पाठ करून! मी ताईच्या कानाला लागले.

"ताई, भाऊजींच्या मागे पाह्य जरा."

"काय हाय मागे?"

"म्हणजे... तिथं... डाग पडला."

ताईचा चेहरा उतरला. "अवं माय! सकाळीच म्हणत होते, पोट गुडगुड करून राह्यलं म्हणून!"

"तसं नाई वं! तो रंग..."

"रंग तं मीबी पाह्यला आता!" म्हणत ती थेट उपमुख्याध्यापिकेकडे धावली.

मग ती कुजबुज पहिल्या रांगेतून अशी गेली, की थांबवायची कुणाला? दोन मिनिटांत स्टेजवर मीठ घातलेलं लिंबूपाणी आलं. पंखा भाऊजींकडे वळला. पीटीचे सर त्यांच्या मागे छाती काढून आडोशाला उभे राहिले! भाऊजींनी खिशातून चौदा पानांचं भाषण काढलं, तेवढ्यात उपमुख्याध्यापिकेने माईक ओढला.

"सरांची तब्येत बरी नाही. भाषण राहू द्या. सर, तुमी आधी घरी जाऊन मोकळे व्हा!"

"मले काय झालं? ठणठणीत हाओ मी!"

"सर, लाजू नका."

भाऊजींनी हातातली पानं खाली केली. "अख्खी जिंदगी या शाळेत गेली माझी," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी चार शब्द बोलू देत नाई तुमी?"

आवाज कापत होता. त्या माणसाच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच पाणी पाहिलं. आता मात्र मला राहवेना. मी उठले, स्टेजवर चढले, माईकसमोर दोन्ही तळहात उंच केले आणि ओरडले, "तो डाग माझा आहे!"

पहिली रांग वाकून माझ्या मागे पाहू लागली.

"म्हणजे... मी लावलेला आहे! म्हणजे रंग आहे! ब्यागचा! मी सुकूच नाई दिला! भाऊजींचं पोट एकदम चांगलं आहे!"

भाऊजींनी हात मागे नेला, समोर आणला, निरखून पाहिला.

"सुमन."

"जी."

"खाली बस."

मी बसले. (तिथेच, स्टेजवर, मांडी घालून!) मग त्यांनी चौदाच्या चौदा पानं वाचली, एक ओळ गाळली नाही. टाळ्या थांबेनात. तोंड लोकांकडे ठेवून, हात जोडत, ते उलट्या पावलांनी पायऱ्या उतरले आणि जाताना तीच बॅग त्यांनी परत अडकवली. "आता काय राह्यलं खराब व्हायचं?" म्हणाले, आणि स्वतःच इतके हसले की ताईला रडू फुटलं.

त्याच दुपारी तीन शिक्षिकांनी मला बॅगा सांगितल्या. तिघींची अट एकच: "रंग नका लावू!"

आज माझ्या बॅगा प्रदर्शनांत मांडलेल्या असतात, सगळ्या बिनरंगी. लोक हात फिरवून म्हणतात, "चामड्याचा मूळ रंग जपायची काय दृष्टी आहे तुमची!" मी गंभीरपणे मान डोलावते. दृष्टी कसली! रंगाचे डबे नवऱ्याने कुलपात ठेवलेत.