बांधावरच्या चपला

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते, आणि ती मेथीही त्यांच्याच मळ्यातली होती. त्यांचा मुलगा संदीप म्हणाला, "आत्या, अण्णा दलदलीच्या कडेला पडलेले सापडले... काही राहिलं नाही. चपला बांधावरच होत्या." यावर मी काय म्हणावं? "चपला आत नेऊन ठेव, कुत्री पळवतील." थोरला चुलतभाऊ गेला आणि मला चपला सुचल्या! फोन ठेवून मी उरलेली मेथी निवडून संपवली. दीड महिना झाला, तरी डोकं अजून ठिकाणावर नाही. अण्णांविषयी लिहायला बसते आणि ज्या गोष्टीचा उलगडा होत नाही, तिथेच येऊन अडकते.

गंगापूर धरणाच्या अलीकडे अण्णांचा मळा. मेथी, कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. मळ्याच्या खालच्या अंगाला ओढ्याचं पाणी साचून दहा-बारा गुंठे दलदल झालेली आहे. तिच्यात पुरुषभर उंच पाणकणीस, कडेला बाभळी, आणि डास तर विचारू नका. शेजारचे म्हणायचे, "अण्णा, एवढी जागा पडीक ठेवली व्हय?" अण्णा म्हणायचे, "पडीक कुठं? कुळं राहत्यात तिथं." कुळं म्हणजे पाणकोंबड्या, सुगरणी आणि एक खंड्या. रोज सकाळी ते या कुळांना भेटायला जायचे, पण बांधापाशी आले की चपला काढून ठेवायचे. देवस्थान आहे की काय इथे, असं मी एकदा चिडवलं. "देव कसला! चपला लय वाजत्यात. पाणकोंबडी अंड्यांवरून उठती, अन् कावळा टपलेलाच असतो." कावळ्याशी त्यांचं जन्मात पटलं नाही. दिसला की ढेकूळ उचलायचे.

आता माझा पराक्रम सांगते. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पाणथळ जागेचं चित्र फळ्यावर काढून मुलांकडून पाठ करून घेतलं. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींना घेऊन मी एका रविवारी पक्ष्यांसाठी श्रमदान करायला अण्णांकडे गेले. आम्ही पाणकणीस कापलं, बाभळी छाटल्या, चिखल उपसला, कडेनं गुलमोहराची रोपं लावली, फोटो काढले आणि वहिनींच्या हातचं पिठलं-भाकरी खाऊन परतलो. पाणी अगदी लख्ख दिसत होतं. त्या वर्षी तिथे एकही पक्षी फिरकला नाही. सुगरणीला घरटं टांगायला काटेरी फांदी उरली नव्हती, पाणकोंबडीला लपायला आडोसा नव्हता. मी विचारलं, "अण्णा, तेव्हा बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "तू मास्तरीण. म्हटलं, तुला कळत असंल." हा टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं, आणि ते मला अजून सलतं. पाणकणीस पुन्हा उभं राहायला चार वर्षं लागली. त्यानंतर त्यांनी तिथे विळा म्हणून लावू दिला नाही.

दशक्रियेला आम्ही रामकुंडावर होतो. पिंड मांडलेला, समोर कावळ्यांची रांग, पण एकही शिवेना. नातेवाइकांनी एकेक वचन द्यायला सुरुवात केली. वहिनींना काही कमी पडू देणार नाही, गाईला विकणार नाही... कावळे ढिम्म. शेवटी संदीपनं हात जोडले. "अण्णा, दलदलीच्या जागेवर तुमच्या नावानं बाग करतो. हिरवळ, बाकडी, पक्ष्यांना लाकडी घरटी. सगळं करतो." मी मागेच उभी होते. तिथूनच ओठातल्या ओठात पुटपुटले, "अण्णा, तिथे कोणाला हात लावू देणार नाही." दोघांचं बोलणं संपतं न संपतं, तोच कावळा उतरला. सगळे म्हणाले, "बघा, बागेतच जीव अडकला होता."

तेव्हापासून मी घोळात आहे. कावळ्यानं कोणाचं ऐकलं? जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईनं असला प्रश्न विचारावा का? आणि अण्णांनी ज्याला आयुष्यभर ढेकळं मारली, त्याच्याकडेच अण्णांच्या मनातलं विचारायचं? बरं, संदीपला अडवायला माझं तोंड कुठे होतं? तो प्रेमानंच करत होता. मीही प्रेमानंच केलं होतं.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "आत्या, सोमवारी जेसीबी येतोय. जागा एकदा बघून घ्या, नारळ तुमच्याच हातून फोडायचाय." मी गेले. बांधावर अण्णांच्या चपला तशाच होत्या, धुळीनं माखलेल्या. मी सांगूनही त्या कोणी आत नेल्या नव्हत्या. संदीपनं बोलता बोलता स्वतःच्या चपला काढल्या, त्याच्या ते लक्षातही आलं नसावं. मीही काढल्या. पाणकणसात पाणकोंबडी ओरडत होती. मग मला राहवेना.

"संदीप, त्या दिवशी रामकुंडावर मीही अण्णांना शब्द दिला होता." मी काय शब्द दिला होता ते सांगितलं.

त्यानं पाण्याकडे पाहत विचारलं, "मग कावळा कोणासाठी आला?"

"मला नाही रे माहीत. पण पाणकणीस कापलं तेव्हा मलाही वाटलं होतं, मी पक्ष्यांसाठीच करतेय."

त्यानं फोन काढला. "दादा, सोमवारी नका येऊ... नाय, पुढचं सांगतो." पुढचं म्हणजे काय, ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

परतताना मी अण्णांच्या चपला उचलायला वाकले. कुत्र्यांचं भय माझ्या मनातून गेलं नव्हतं. संदीपनं माझा हात धरला.

"राहू द्या आत्या. त्या दिसल्या की येणारा माणूस आपल्या काढतो."