‘आ.’ म्हणजे आपलं

माझ्या मावशीला त्यांनी आचार्य करून टाकलं. तेही पुरुष, तेही मेलेला, तेही आठशे वर्षांपूर्वी मेलेला. मावशी शहात्तर वर्षांची आहे, गुडघे सोडले तर धडधाकट आहे, आणि तिला दाढी नाही. मी रागात लिहिते आहे हे आधीच सांगते. राग उतरल्यावर लिही, असं घरचे म्हणतात. त्याची वाट बघत बसले तर हे लिहून व्हायचं नाही.

मावशी विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात लेखनिक होती. एकतीस वर्षं. काम एकच: योगावरच्या जुन्या ग्रंथांतला एकेक शब्द उचलायचा, पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर लिहायचा, तो कुठे कुठे आलाय ते खाली नोंदवायचं आणि कार्ड लोखंडी कपाटाच्या खणात लावायचं. संस्कृत तिला आजोबांनी घरी शिकवलं होतं. पदवी नव्हती, म्हणून हुद्दा लेखनिकाचा. अडलेला शब्द विचारायला मात्र पदवीवाले सगळे तिच्याच टेबलाशी यायचे आणि उत्तर मिळालं की आभार न मानता जायचे.

प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात ती खूण करायची. ‘सू.’ म्हणजे सूत्र, ‘भा.’ म्हणजे भाष्य, ‘टी.’ म्हणजे टीका. कधी एखाद्या शब्दावर तिला स्वतःला काही सुचलं तर तेही ती कार्डावर टिपायची, संस्कृतातच, कारण बाकी सगळं संस्कृतात. त्या कोपऱ्यात ‘आ.’ लिहायची. आ. म्हणजे आपलं. ‘माझं’ लिहायला तिला लाज वाटायची. तिच्या बोलण्यातही तेच असतं: मी आपलं म्हटलं, मी आपलं सुचवलं. जन्मभर तिनं प्रत्येक गोष्ट ‘आपली’ केली आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

तर शब्द होता ‘निरोध’. मनात वृत्ती उठतात, त्यांचा निरोध म्हणजे योग, हे योगाचं पहिलंच म्हणणं. सगळे त्याचा अर्थ करायचे दडपणं, थोपवणं, मुसक्या बांधणं. मावशीला ते पटेना. तिच्या शेजारच्या टेबलावर विभागाचा फोन होता. तो तिच्यासाठी कधीच नसायचा, आणि दिवसभर वाजायचा. ऐकायचाच नाही असं ठरवलं की तो जास्तच कानात घुसायचा. मग एक दिवस तिनं ऐकू येऊ दिला, फक्त उठली नाही. त्या दिवशी तिनं कार्डावर लिहिलं: ‘न निग्रहो निरोधः, अपि तु अननुगमनम्।’ म्हणजे निरोध हा गळा दाबणं नव्हे, मागे न जाणं. कोपऱ्यात ‘आ.’ लिहिलं आणि घरी येऊन कुकर लावला.

ती निवृत्त झाल्यावर विभागात नवे प्रमुख आले. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही तेच म्हणते, दुसरं जे म्हणावंसं वाटतं ते छापण्यासारखं नाही. सरांना कपाट आयतं मिळालं. आयत्या बिळावर नागोबा बसला आणि त्यानं पुस्तक लिहिलं. प्रस्तावनेत बायकोचे आभार आहेत, दोन जावयांचे आहेत, ज्या बागेत ते सकाळी फिरतात त्या बागेचे आहेत. मावशीचे नाहीत. आणि तिसऱ्या प्रकरणात ‘एक अज्ञात आचार्य म्हणतात’ असं लिहून तिचं वाक्य ठोकून दिलंय. ‘आ.’ म्हणजे आचार्य! एवढा शिकलेला माणूस, आणि पहिल्या खणातलं पहिलं कार्ड, ज्यावर सगळ्या खुणांची यादी आहे, ते त्यानं उघडून पाहिलं नाही.

पुस्तक गाजलं. मानसशास्त्रवाल्यांनी ते वाक्य उचललं. त्यांनी माणसांच्या दोन टोळ्या केल्या. एकीला सांगितलं नको तो विचार दाबा, दुसरीला सांगितलं येऊ द्या, मागे जाऊ नका. दुसरीला बरं वाटलं. निबंधांवर निबंध निघाले. इकडे हे आचार्य कोण यावर पंडितांची जुंपली. कुणी म्हणे बाराव्या शतकातले, कुणी म्हणे त्याहून जुने. एकानं ते अंध असावेत असा तर्क लढवला. मावशीचा चष्मा जाड आहे, तेव्हा त्यातल्या त्यात तो खऱ्याच्या जवळ गेला.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी इस्पितळात नर्स आहे. धास्तीनं झोप उडालेल्या पेशंटांना द्यायला आमच्या वॉर्डात एक पत्रक आलं. त्यात ते वाक्य होतं, खाली अर्थ होता. मला आवडलं म्हणून मी ते घरी आणून मावशीला वाचून दाखवलं. ती माझ्या युनिफॉर्मचं बटण लावत होती. तिनं सुई तशीच कापडात टोचून ठेवली.

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“हे आचार्यांचं नाही गं,” ती म्हणाली. “हे मी आपलं लिहिलं होतं.”

तिला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. छे! तिचा चेहरा उतरला. जे ग्रंथात नाही ते ग्रंथात आहे म्हणून छापलं गेलं, आणि तेही आपल्या कार्डावरून, ह्यानं तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. मला हवं होतं तिचं नाव. तिला हवी होती दुरुस्ती. दोन्ही एकाच ओळीत होण्यासारखं होतं, म्हणून आम्ही सरांकडे गेलो.

सरांनी कार्ड मागवलं, यादीचं कार्डही मागवलं. बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग दार लावून घेतलं.

“बाई, तुम्ही चांगलं लिहिलंय,” ते म्हणाले. “पण जरा व्यवहारानं बघा. आचार्यांचं आहे म्हणून लोक वाचतात. लेखनिकानं लिहिलंय म्हटलं तर कोण विचारतंय?”

“नका विचारू,” मावशी म्हणाली. “पण आचार्यांचं नाही ना ते, सर.”

“इतक्या जणांनी उद्धृत केलंय. त्या सगळ्यांची पंचाईत होईल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पंचाईत तुमची होईल म्हणा की,” मी म्हटलं. “वाक्य तेच, अर्थ तोच, गुण आला तो त्याच वाक्यानं आला. मग बाईनं लिहिलं म्हणून ते नासतं का?”

मावशीनं माझा हात दाबला. सरांनी कार्ड उलटं करून ठेवलं. शेवटी म्हणाले, नव्या आवृत्तीत दुरुस्ती करतो, शब्द देतो. मावशीनं त्यांना नमस्कार केला. वाकून केला, ते आठवलं की अजून माझे हात शिवशिवतात.

नवी आवृत्ती आठ महिन्यांनी आली. मी ती विकत घेतली आणि रिक्षातच उघडली. वाक्य गेलं होतं. जागेवर तळटीप होती: ‘मागील आवृत्तीत येथे छापलेले वचन हे कार्यालयीन लेखनिकाच्या नोंदीतील चुकीमुळे आले होते. ते निराधार असल्याने वगळले आहे.’

लेखनिकाच्या चुकीमुळे! ज्या बाईनं एकतीस वर्षांत एक मात्रा चुकू दिली नाही तिच्या! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. महिन्याभरात आमच्या वॉर्डातलं पत्रकही बदलून आलं. निराधार मजकूर नको म्हणे. ज्या पेशंटांना त्या एका ओळीनं झोप लागत होती त्यांना आता ‘सकारात्मक विचार करा’ एवढंच द्यायचं.

मावशीनं तळटीप वाचली. पुन्हा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मग तिनं पुस्तक टेबलावर आपटलं. इतक्या वर्षांत मी तिला चिडलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून मीच घाबरले. तिचं ब्लडप्रेशर मला माहीत आहे.

“जाऊ दे मावशी,” मी तिचा हात धरून म्हटलं. मी! “तूच लिहिलंयस ना, मागे जायचं नाही म्हणून?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती तळटीप लिहिली होती.

“ते मनात उठतं त्याबद्दल आहे,” ती म्हणाली. “हे छापलेलं आहे. सोड माझा हात. चपला कुठायत माझ्या?”

आम्ही थेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. दोन जिने ती कठडा धरून चढली, मध्ये थांबली नाही. पुस्तक मागून घेतलं, टेबलावर ठेवलं, पान काढलं. पर्समधलं काळ्या शाईचं पेन उघडलं. ‘चुकीमुळे’ खोडलं. ‘निराधार’ खोडलं. वर समासात आपलं पूर्ण वाक्य लिहिलं, त्याखाली अर्थ, त्याखाली कार्डाचा क्रमांक, आणि त्याखाली स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे.

ग्रंथपाल धावत आला. “अहो बाई, काय करताय? पुस्तकात असं लिहिता येत नाही!”

मावशीनं शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली.

“येतं,” ती म्हणाली. “आता दुसरी प्रत आणा.”