आमचा सर आमाले द्या

पिपरटोलीच्या ढीवर मोहल्ल्यातली कुंताबाई तशी रागीटच. तलावातली मासोळी घेऊन बाजारात बसली, की फार घासाघीस करणाऱ्याला एका शब्दात गप्प करायची. शाळेत मात्र तिचा आवाज खाली यायचा. आपण चौथी शिकलेलो, मास्तरांपुढं काय बोलणार?

तिची प्रतिक्षा गावातल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात दहावीला होती. नववीपासून विज्ञानाला शिक्षकच नव्हता. विचारलं, की हेडमास्तर मधुकरराव म्हणत, वरून जागाच भरत नाहीत. कुंताबाईनं ते खरं मानलं.

डिसेंबरात तालुक्याच्या हायस्कुलात विज्ञान प्रदर्शन होतं. लेकीसोबत तीही गेली. ती शाळाही जिल्हा परिषदेचीच, पण प्रयोगशाळा सताड उघडी, आणि तिथल्या मुली सूक्ष्मदर्शकातून माशाचं खवलं बघत होत्या. प्रतिक्षा मागंच उभी राहिली. आपल्या शाळेतही हे यंत्र आहे, पण खोक्यातून कधी काढलंच नाही, असं ती आईला हळूच म्हणाली.

मुलींना शिकवणाऱ्या मनिष सरांना कुंताबाईनं आपलं गाव सांगितलं, तसे ते ओशाळले. त्यांची नेमणूक पिपरटोलीचीच होती. पगारही तिथल्याच नावानं निघे. तालुक्याचा निकाल चांगला दिसावा म्हणून शिक्षण विभागाच्या साहेबांनी त्यांना इकडे बसवलं होतं, आणि मधुकररावांना ते ठाऊक होतं.

कुंताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी मोहल्ल्यातल्या बाया घेऊन ती शिक्षण विभागाच्या कचेरीत जाऊन बसली. साहेबांनी समजावलं, की मोठ्या शाळेशी लहान शाळेची तुलना करू नये. तिथली मुलं पुढं डॉक्टर, इंजिनिअर होतात.

"अन् आमच्या पोरीनं मासेच इकावं का जी?" कुंताबाई म्हणाली. "आमचा सर आमाले द्या. मंग कोन काय होते, ते पाहू."

साहेब जेवायला उठले, तरी बाया दारातून हलल्या नाहीत. शेवटी आदेश निघाला.

सर जानेवारीत आले. तोवर उशीर झाला होता. प्रतिक्षा विज्ञानात काठावर पास झाली आणि तिला कलाशाखेत जावं लागलं. गावानं कुंताबाईचा सत्कार ठेवला. ती गेली नाही. माझ्या पोरीचं गेलेलं शिक्षण कोण भरून देणार, असं तिनं सरपंचाच्या तोंडावर विचारलं.

पुढच्या जुलैत सरांना पुन्हा तालुक्याला बोलावणं आलं. कुंताबाई बाजार सोडून शाळेच्या फाटकात बसली, आणि सर गावातच राहिले. मधुकररावांशी ती अजून बोलत नाही. त्यांना मासोळीही विकत नाही.